उजव्या खांद्याची किरकोळ तक्रार

१० नोव्हेंबर

आजपासून पोलीस भरतीची तयारी पद्धतशीरपणे सुरू करीत आहे. 'पद्धतशीरपणे' या शब्दाखाली रेघ ओढली आहे.

लेखी परीक्षेची मला चिंता नाही. बारावीला केंद्रात पहिली आलेली मुलगी सामान्य ज्ञानाला घाबरत नाही. राहिली मैदानी चाचणी: दोन प्रकारचे धावणे आणि चार किलोचा गोळा फेकणे. धावणे मला येते, कारण शेणव्याहून शहापूरला जाणारी एसटी माझ्यासाठी कधीच थांबलेली नाही. प्रश्न फक्त गोळ्याचा, आणि गोळा म्हणजे शेवटी भौतिकशास्त्र.

काजलने आज विचारले, कुणाली, तुला पोलीसच कशाला व्हायचंय? काजल ही उंबरमाळीची, पोलीस भरतीच्या अकॅडमीतली माझी एकुलती एक मैत्रीण. खरे उत्तर असे की गणवेश घातलेल्या माणसाला फारसे बोलावे लागत नाही. समोरचेच बोलू लागतात. दुसरे उत्तर मुरबाडला आहे. तिथल्या मावशीने माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवले आहे. मुलाचे नाव सुयोग. शेती आहे, गाडी आहे, स्वभाव शांत आहे, असे मावशी सांगते. बाबांनी तिला फोनवर सांगितले, 'भरती होऊंदे. पोर लागली तं लागली, नायतर मंग तू म्हनशील तसा.' म्हणजे सर्व काही माझ्याच हातात आहे.

११ नोव्हेंबर

अकॅडमीच्या स्वरूप सरांनी गोळाफेकीचे तंत्र करून दाखवले. मी शेवटच्या रांगेत होते आणि पुढे दोन उंच मुली होत्या, त्यामुळे मला सरांची फक्त टोपी दिसली. टोपी आधी खाली गेली, मग वर आली. 'सर, पुन्हा दाखवा' असे म्हणता आले असते. त्यासाठी हात वर करावा लागतो. शाळेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येत असूनही मी एकदाही हात वर केला नाही आणि त्यावाचून माझे काही अडलेही नाही. गुण पेपरावर मिळतात. तंत्र पुस्तकातून शिकेन.

१२ नोव्हेंबर, सकाळी

अकरावीचे पुस्तक काढले. प्रक्षेप्य गती. कोन पंचेचाळीस अंशांचा हवा आणि आरंभीचा वेग जास्तीत जास्त. वेग वाढवायचा तर हात जितका लांबून फिरेल तितके चांगले. म्हणजे भातावरची पाखरे हाकलताना आम्ही दगड डोक्यावरून जसा भिरकावतो, तीच पद्धत शास्त्रशुद्ध ठरते. आश्चर्य म्हणजे सूत्रात वस्तुमान येतच नाही. गोळा असो की पेरू, फरक पडू नये.

अकॅडमीत लोखंडी गोळा एकच आहे आणि त्याच्याभोवती सदैव मुली असतात. घरी वरवंटा आहे. वजन साधारण तेवढेच वाटते.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी

घरामागे जाऊन वरवंटा फेकला. पहिलीच फेक उत्कृष्ट. कोन अचूक. खांद्यात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. सांधा मोकळा होताना असा आवाज येत असावा. वरवंटा कुंपण ओलांडून शेजारच्या जनाबाईंच्या वालाच्या मांडवात गेला. 'कोन मेला धोंडे टाकतंय रे?' असे त्या ओरडल्या. मी घरात गेले.

आईने संध्याकाळभर वरवंटा शोधला. 'मिरच्या काय आता कपालावर वाटू?' असे ती कुणालाही न उद्देशता म्हणाली. मी अभ्यास करीत होते.

१३ नोव्हेंबर

उजव्या खांद्यात किंचित जडपणा. नवे स्नायू तयार होत असल्याचे लक्षण. समाधान वाटले.

१७ नोव्हेंबर

जडपणा कायम आहे. बरेच स्नायू तयार होत असावेत.

सरांनी आज सर्वांना रांगेत उभे केले आणि सांगितले की कुणाला काही लागलं असेल, दुखत असेल, तर लपवू नका, हात वर करा, नंतर ग्राउंडवर माझं नाव घालवू नका. एका मुलीने पोटरीसाठी हात वर केला, एकीने तापासाठी. मला दुखत नव्हते, जड होते. शिवाय हात वर करणे माझ्या स्वभावात नाही. तरी प्रयोगादाखल उजवा हात थोडा उचलून पाहिला. तो छातीपाशी येऊन थांबला. बाही अंगाला घट्ट बसली आहे. आईला सांगून शिवण उसवून घ्यावी.

१९ नोव्हेंबर

शिवण उसवून घेतली. बाहीचा काही संबंध नव्हता.

२१ नोव्हेंबर

खळ्यावर झोडणी. मी अभ्यासाचे कारण सांगितले. आई म्हणाली, 'पुस्तक काय पलून जातंय? दोन भारे झोड नि जा.' भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावरून नेऊन फळीवर आपटायची असते. माझी पेंढी डोक्यावर गेलीच नाही, पोटापासूनच आपटली. बाबा म्हणाले, 'झोडतेस का तिला झोपवतेस?' खळ्यावरची सगळी माणसे हसली.

मग डाव्या हाताने झोडले. दाणे कमी निघाले, पेंढा केसांत जास्त अडकला. पण एक शोध लागला. माझा डावा हात हा मागच्या बाकावर बसवलेल्या हुशार विद्यार्थ्यासारखा आहे. त्याला आजवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

२५ नोव्हेंबर

आजपासून वेणी बंद. प्रशिक्षणात केस साधे ठेवावे लागतात, ती सवय आत्तापासूनच केलेली बरी. डाव्या हाताने मानेशी एक रबर लावले. आई म्हणाली, 'केस बांधलेस का लाकडांचा भारा?' शिस्तीचे सौंदर्य घरात कुणाला कळत नाही.

पुढे बटणे असलेले कुर्ते वापरायचेही ठरवले आहे. डोक्यावरून घालायच्या कपड्यांत वेळ फार जातो. आज एकात अडकले होते. आईने बाहेरून दार वाजवले तेव्हा मी आतून 'वाचते आहे' असे सांगितले.

३० नोव्हेंबर

जनाबाई ओट्यावर खांदा धरून बसलेल्या दिसल्या. त्यांच्या काळजीने खांद्याच्या दुखापतीविषयी वाचन केले. वाचनालयात आरोग्याच्या पुरवण्या आहेत. उरलेले मोबाइलवर पाहिले.

खांद्याच्या सांध्याभोवती चार लहान स्नायू असतात. त्यांच्या कंडरांचा मिळून एक पट्टा होतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. जोराने फेकल्याने किंवा डोक्यावर वजन उचलताना तो दुखावतो, कधी फाटतो. वजन उचलणे जनाबाईंना तंतोतंत लागू आहे.

माझ्या बाबतीतही लक्षणे पडताळून पाहिली. केवळ अभ्यासाचा नियम म्हणून. त्या कुशीवर झोपल्यास रात्री वेदना होतात, असे लिहिले आहे. मी त्या कुशीवर झोपतच नाही, गेले कित्येक दिवस. त्यामुळे हे लक्षण बाद. केस विंचरताना त्रास होतो. मी त्या हाताने विंचरत नाही. हात पाठीमागे नेता येत नाही. मला न्यायचाच नसतो. फळीवरचा डबा काढताना हातात जोर राहत नाही. डबे मी खालच्या फळीवर आणून ठेवले आहेत. वेदना दंडाच्या बाहेरच्या अंगाने कोपराकडे उतरते. हे एकच काहीसे जुळते. परंतु एका लक्षणावरून निदान करणे अशास्त्रीय आहे.

निष्कर्ष: मला काही नाही. जनाबाईंना तातडीने दाखवले पाहिजे.

५ डिसेंबर

जनाबाईंना त्यांच्या आजाराची कल्पना दिली. त्या म्हणाल्या, 'माजा तं गुडघा धरतो गो. खांद्यावं मी हात नुस्ता ठेवलेला.' मी त्यांना समजावले की रुग्णाला सुरुवातीला कळत नाही, दुखणे रुग्ण नाकारतो, निरनिराळी कारणे शोधतो. हे सांगताना मला त्यांची फार दया आली. शेवटी त्या म्हणाल्या, 'बरा. शापूरला सुकट घ्यायलाच जायचंय, जाऊ तुज्यासंगती.'

त्यांच्या ओट्यावर दोन वरवंटे दिसले. त्यांतला एक ओळखीचा वाटला. मागायला संकोच वाटला.

९ डिसेंबर

शहापूरला दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडम तरुण आहेत आणि फार थेट पाहतात. जनाबाईंची लक्षणे मीच सविस्तर सांगितली: कोणता हात, रात्री कोणत्या वेळी जाग येते, कपडे घालताना नेमके कुठे अडते, भांडे उचलताना कळ कशी दंडात उतरते. मॅडमनी केसपेपरवर लिहून घेतले. मग जनाबाईंना म्हणाल्या, आजी, हात वर करा बघू. जनाबाईंनी दोन्ही हात सरळ आढ्याकडे नेले आणि टाळी वाजवली.

मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता तू कर. मी सांगितले, मी सोबत आले आहे. त्यावर जनाबाई म्हणाल्या, 'डाक्तरबाय, ही पोर बोलायची नाय. हिनंच माज्या मांडवात वरवंटा भिरकावला. मी बगितलं, पन लाजते म्हनून बोलली नाय तिला.'

तपासणी झाली. मॅडमनी माझा हात बाजूने उचलून हळूच सोडला. तो वर राहिला नाही, पडला. त्यांचे म्हणणे असे की कफला बहुतेक फाट आहे, फोटो काढावा लागेल, पुरा आराम हवा आणि फेकणे तर अजिबात नको. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली: ही उमेदवार सध्या मैदानी चाचणीस अयोग्य, मुदत मिळावी.

चिठ्ठी फाइलीत ठेवली आहे. कागद फेकणे मला आवडत नाही. 'अयोग्य' हा शब्द मात्र घाईने लिहिलेला वाटतो. माझ्या कोणत्याही कागदावर तो आजवर आलेला नाही.

येताना जनाबाई म्हणाल्या, 'आयसला सांगू का मी?' मी नको म्हटले. त्यांनी सुकटीची पिशवी माझ्याकडून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

१४ डिसेंबर

दुसरे मत घेणे हे सुशिक्षित माणसाचे लक्षण आहे. मुरबाडकडे हात बसवून देणारे एक जाणते गृहस्थ आहेत, असे मावशी नेहमी सांगते. त्याच बाजूच्या म्हसा गावच्या जत्रेला येते असे तिला कळवले. ती इतकी खूश झाली की मला भीती वाटली.

४ जानेवारी

जत्रेच्या निमित्ताने मुरबाडला गेले. मावशीने त्या गृहस्थांकडे नेण्यासाठी गाडी बोलावली होती. गाडीत सुयोग होता. नमस्कार केला, तोही डाव्या हातानेच झाला.

त्या गृहस्थांनी तेल लावले, डोळे मिटले आणि हात एकदाच ओढला. मी ओरडले नाही. मावशी ओरडली. 'बसला!' असे ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. ते आभार त्यांच्यापर्यंत पोहोचले की नाही सांगता येत नाही, कारण आवाज फुटला नव्हता.

परतल्यावर गाडीतून उतरताना मी दाराशी चाचपडत होते, तेव्हा सुयोगने खाली उतरून बाहेरून दार उघडले. मावशीने मला जत्रेतले घोंगडे दिले. ते त्याने आतपर्यंत नेऊन ठेवले. धन्यवाद म्हणायला हवे होते. त्याने 'हात दुखतोय का?' असे विचारले असते आणि विषय वाढला असता.

हात आता पूर्वीपेक्षा थोडा खालीच थांबतो. बसला असल्यामुळे असावे.

१८ जानेवारी

काजलने मला अकॅडमीच्या भिंतीआड गाठले आणि हातात गोळा दिला. मी माझ्या पद्धतीने पवित्रा घेतला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, 'अगो, हा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो! मानेला लावायचा नि ढकलायचा. तू काय पाखरा हाकलतेस? तवा सरांनी दाखवला तं तू कुठं व्हतीस?' मी सांगितले, टोपीपर्यंत होते.

म्हणजे पद्धत चुकली होती, भौतिकशास्त्र नव्हे. ही गोष्ट दिलासा देणारी आहे.

नवी योजना: डाव्या हाताने ढकलणे. नियमांत हाताचा उल्लेख नाही. पहिला गोळा माझ्याच बुटाजवळ पडला. काजल म्हणाली, 'पायाला लागला असता तं मंग धावायलाबी डावा पाय काढशील?' तिला विनोदाची समज आहे, योजनेची नाही.

सरांनी आजही विचारले: कुणाचं काही दुखतंय, हात वर करा. काजलने माझ्याकडे पाहिले. मी बुटांकडे पाहिले. नंतर ती म्हणाली, 'सांग ना गो. नायतर मी सांगू?' मी तिला शपथ घातली. ती माझ्याशी बसस्टँडपर्यंत बोलली नाही. मग एसटीत चढवताना माझी पिशवी मात्र तिनेच धरली.

२ फेब्रुवारी

ठाण्याच्या मैदानी चाचणीची तारीख आली: सहा.

सरांनी महत्त्वाची माहिती दिली. चाचणीपूर्वी रांगेत विचारतात की कुणी आजारी, जखमी आहे का. तिथे हात वर करायचा, डॉक्टरचा कागद दाखवायचा, मुदत मिळते. एकदा धावायला सुरुवात केली की मग देवाचीही चिठ्ठी चालत नाही, असे सर म्हणाले.

बाबांनी विचारले, 'हुईल ना गो?' मी म्हटले, हो. ते एवढ्यावरच उठून गेले. मग अंगणातून त्यांचा आवाज आला. मावशीला फोनवर सांगत होते, 'नाय नाय, अजून थांब. आमची कुणाली पहिलीच येनार बग.'



५ फेब्रुवारी

निर्णय घेतला आहे. मी हात वर करणार. एवढे सोपे आहे. चिठ्ठी फाइलीत सर्वांत वर ठेवली. पुढची तारीख मिळेल, तोवर आराम, मॅडमचे उपचार, योग्य तंत्र, सर्व पद्धतशीरपणे. मनातल्या मनात पुष्कळदा हात वर करून पाहिला. छान जातो.

आईने न विचारता माझे केस ओढून घेतले आणि घट्ट वेणी घातली. म्हणाली, 'लई दिवस वेणी नाय घातलीस.' मला वाटते तिला ठाऊक आहे. मला वाटते सर्वांनाच ठाऊक आहे. तिने गाठ मात्र नेहमीपेक्षा हळू मारली.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी

सर्व क्रमाने लिहिते.

मैदानावर रांग लावली. फाइली खाली पायाशी ठेवायला सांगितल्या. एक पोलीस मॅडम कर्णा घेऊन समोर आल्या आणि म्हणाल्या, कुणी आजारी, जखमी असेल तर हात वर करा, नंतर रडायचं नाही. इतका स्पष्ट प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. आणि उत्तर मला येत होते.

मी हात वर केला.

तो कमरेपाशी आला आणि थांबला. मी दात आवळून जोर लावला. तो छातीच्या जरा खाली आला. समोरून पाहणाऱ्याला मी छातीवरचा नंबर नीट करीत आहे, असे वाटले असणार. मॅडमची नजर माझ्यावरून गेली, क्षणभर थांबली, पुढे गेली. तोंडाने बोलावे असे वाटले. ओठ उघडले देखील. 'कुणी नाही? शाब्बास!' असे कर्णा म्हणाला.

काजल माझ्यापासून बरीच पुढे, दुसऱ्या गटात होती. तिने मान वळवून पाहिले, पण तिला हलू देत नव्हते.

धावणे चांगले झाले. हात पोटाशी धरून धावले. शेजारची मुलगी म्हणाली, पोटात दुखतंय का? मी हो म्हटले.

गोळा: योजनेप्रमाणे डावा हात. पहिला गोळा रेषेच्या अलीकडे पडला. दुसरा फेकण्याआधी भीतीने उजव्याकडे दिला, तो मानेपर्यंत पोहोचलाच नाही. हातातून निसटून मागे गेला आणि टेप धरून बसलेले हवालदार उठून बाजूला झाले. 'ताई, पुढं टाकायचा असतो,' असे ते अगदी हळू म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी टेप उलगडलाच नाही. बाजूला एक पोलीस ताई पाणी देत होत्या. त्यांनी माझा दंड धरून पाहिला आणि विचारले, कधीपासून आहे हे? मी म्हटले, आत्ताच झाले. त्या म्हणाल्या, आत्ताचं दुखणं असं नसतं गं. आणि माझी फाइल मला उचलून दिली. चिठ्ठी सर्वांत वर होती.

काजल पास होईल. तिचा गोळा खूप लांब गेला. ती मला बिलगून रडली. उजव्या बाजूने, त्यामुळे मीही रडले.

घरी आले तेव्हा बाबा खळ्यावर बसले होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काही न विचारता म्हणाले, 'जेवून घे.' थोड्या वेळाने जनाबाई आल्या. त्यांनी आमचा वरवंटा आणून ओट्यावर ठेवला, आईला म्हणाल्या, 'आता ठेव. पोरीला फेकायला नाय लागनार.' आईने तो पाट्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले नाही. मग मावशीचा फोन वाजला. कुणीच उचलेना. मला सर्वांत जवळ होता.

उद्या दवाखान्यात जायचे आहे. आई सोबत येणार आहे. या वेळी केसपेपर माझ्या नावाचा.

एक नोंद राहिली. रांगेत उभी होते तेव्हा फाइल पायाशी होती. डावा हात पूर्ण मोकळा होता. वरही जातो, अगदी कानाला लागून. कितीतरी दिवस मी त्याचे कौतुक या पानांवर लिहीत आले आहे.

हे मला शेणव्याच्या रिक्षात, डाव्या हाताने वरची दांडी धरताना सुचले.